माणदेशचे सराटे आणि डनलॉप यांची हवा

सायकलच्या टायरमध्ये हवा भरण्याची कल्पना प्रत्यक्ष वापरात आणणारा माणूस इंजिनिअर नव्हता, कारखानदारही नव्हता. जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर होते. स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी ५ फेब्रुवारी १८४० रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तुझा जन्म दोन महिने आधी झाला, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, असे मानून ते आयुष्यभर जपून राहिले.

एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडमध्ये गेले. डाउनपॅट्रिक येथे भाऊ जेम्स याच्यासोबत त्यांनी दवाखाना काढला. पुढे ते बेलफास्टला आले. १८८० नंतरच्या काही वर्षांतच त्यांचा व्यवसाय आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय व्यवसायांपैकी एक झाला होता.

त्या काळी सायकलची चाके कडक असत. कुठे लोखंडी धाव, तर कुठे भरीव रबर. दगडी रस्त्यावरचा प्रत्येक हिसका चाकातून थेट हातांत आणि पाठीच्या मणक्यांत जाई. ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी एक प्रयोग केला. रबराच्या पत्र्याची नळी करून त्यांनी ती सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी तबकडीवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग घराच्या अंगणात हे चाक आणि मुलाच्या सायकलचे जुने चाक असे दोन्ही सोडून पाहिले. जुने चाक मध्येच थांबले. हवेचे चाक पुढे जात राहिले आणि फाटकाच्या खांबाला आपटून मागे उसळले.

कारण सोपे आहे. कडक चाक खड्यावर चढताना सगळी सायकल आणि वरचा माणूस उचलला जातो, त्यात शक्ती वाया जाते. हवेचा टायर खड्याभोवती दबतो आणि लगेच पूर्ववत होतो. श्रम कमी, हिसकेही कमी.

७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योगही आपली सुरुवात याच वर्षीपासून मोजतो आणि त्याचा पहिला धंदा बेळगावातल्या सायकलींचाच होता. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने डनलॉप यांचे टायर लावून चारही शर्यती जिंकल्या. पण थोड्याच काळात डनलॉप यांना कळवण्यात आले, की पेटंट टिकणार नाही. रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच अशा टायरचे पेटंट घेतले होते. ती कल्पना तेव्हा चालली नाही आणि विसरली गेली.

हवेबरोबर पंक्चरही आले. डनलॉप यांचा पहिला टायर चाकाला चिकटवलेला असे, त्यामुळे दुरुस्तीला तासन्‌तास लागत. १८९० मध्ये वेल्च यांनी कडेला तार असलेला टायर केला. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी चटकन काढता येणारा टायर आणला. त्यानंतरच सायकल सामान्य माणसाची झाली. डनलॉप मात्र कंपनीतून लवकरच बाजूला झाले. १८९६ मध्ये ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या संपत्तीचा मोठा वाटा दुसऱ्यांकडेच गेला. स्वतःला नाजूक मानणारे डनलॉप ८१ वर्षे जगले. त्यांना कधी गंभीर आजार झाला नाही. ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचे निमित्त झाले आणि २३ तारखेला डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

डनलॉप यांनी हवा भरली ती शरीराला बसणारे हिसके कमी व्हावेत म्हणून. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर सायकल घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. इथे बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे, बोराटी आहे आणि सर्वांत त्रासदायक सराटा आहे. सराट्याचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येकावर दोन मोठे काटे असतात आणि तुकडा कसाही पडला तरी बहुधा एखादा काटा वर राहतो. इंग्रजीत या वनस्पतीचे नावच पंक्चरवरून पडले आहे.

या त्रासाला कंटाळून काही जण भरीव टायर बसवतात. पंक्चर संपते, पण १८८७ च्या आधीचे हिसके परत येतात. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होणे, मनगट व कंबर दुखणे ही त्याची किंमत असू शकते. टायर हवेचाच ठेवावा, पण नीट निवडावा. दोन इंचांहून रुंद, जाड नक्षीचा आणि आत पंक्चररोधक थर असलेला टायर माळासाठी चांगला. ट्यूब असेल तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये संरक्षक पट्टी घालावी. खर्च परवडत असेल तर ट्यूबलेस टायर आणि त्यात सीलंट. बारीक काट्याचे छिद्र हा द्रव आतूनच बुजवतो. आपल्या उन्हात तो लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच असावी. काटा टोचू नये म्हणून टायर दगडासारखा टणक करू नये.

काटा टायरऐवजी पायात गेला, तर मात्र हयगय नको. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. काट्याची जखम बारीक पण खोल असते. आत हवा पोहोचत नाही आणि हे जंतू तिथेच वाढतात. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि काटा आत तुटला असेल तर घरी कोरत बसू नये. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, किंवा ते कधी घेतले हेच आठवत नसेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वात झाल्यावर जीव वाचवणे अवघड असते, तो टाळणे मात्र एका इंजेक्शनचे काम आहे.