विश्लेषण : ‘मायकोरायझा’ आणि ‘रायझोबियम’ या दोन्ही नावांमागचा एकच माणूस कोण?

हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळायचे आणि डाळिंबाच्या मुळाशी मायकोरायझा टाकायचा, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे. पहिला जिवाणू, दुसरी बुरशी. पण दोघांचे बारसे एकाच शास्त्रज्ञाने केले. ते होते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक.

फ्रँक कोण होते?

१७ जानेवारी १८३९ रोजी ड्रेस्डेन येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण लाइपझिगला झाले आणि तेथील विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. १८८१ मध्ये ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पिकांचे रोग हा त्यांचा हातखंडा विषय. १८८० मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे बुरशी हा झाडाचा शत्रू, हे शिकवणाऱ्यांपैकीच ते एक होते.

मग त्यांना वेगळे काय दिसले?

युरोपात ट्रफल नावाची बुरशी जमिनीखाली वाढते आणि तिला चांगला भाव मिळतो. तिची लागवड करता येईल का, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने फ्रँक यांच्याकडे सोपवले. त्यासाठी त्यांनी जंगलातल्या बीच, ओक, हेझेल या झाडांची मुळे उकरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मुळांची टोके बुरशीच्या धाग्यांनी मोज्यासारखी वेढलेली होती. हे एखाद्या आजारी झाडाचे लक्षण नव्हते. एकामागून एक निरोगी झाडांतही तेच दिसत होते.

ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. मात्र १८८५ मध्ये फ्रँक यांनी या जोडीला ग्रीक शब्दांवरून ‘मायकोरायझा’ म्हणजे ‘बुरशी-मूळ’ हे नाव दिले. दूध पाजणारी दाई बाळाला पोसते तशी ही बुरशी झाडाला पोसते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी पोलंडचे कामिएन्स्की यांनी हरितद्रव्य नसलेल्या एका रानवनस्पतीच्या मुळांबाबत असाच तर्क मांडला होता. फ्रँक यांनी तो जंगलातल्या वृक्षांना लागू केला.

थंड प्रदेशात ही बुरशी का महत्त्वाची?

थंडीत पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो. जमिनीत नत्र असते, पण ते त्या पाचोळ्यातच अडकून पडते. मुळांपेक्षा कितीतरी बारीक असलेले बुरशीचे धागे तिथपर्यंत पोहोचतात आणि अन्नद्रव्ये झाडाला आणून देतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर बुरशीला देते. १८८७ मध्ये फ्रँक यांनी या बुरशींचे दोन गट केले. एक मुळाला बाहेरून वेढणारा, दुसरा मुळाच्या पेशींत शिरणारा. ऑर्किड आणि थंड माळावरची हीदरची झुडपे या दुसऱ्या गटात येतात.

विरोध का झाला?

बुरशी म्हणजे रोग, ही समजूत तेव्हा पक्की होती. रॉबर्ट हार्टिग यांच्यासारख्या नावाजलेल्या वनशास्त्रज्ञांनी फ्रँक यांचे म्हणणे मान्य केले नाही. फ्रँक यांनी वादाला प्रयोगाने उत्तर दिले. काही पाइनची रोपे जंगलातल्या जिवंत मातीत लावली, काही उष्णतेने निर्जंतुक केलेल्या मातीत. बुरशी असलेल्या मातीतील रोपे जोमाने वाढली. तरीही शंका संपल्या नाहीत. १९५० च्या दशकात स्वीडनचे मेलिन आणि नील्सन यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून बुरशीच्या धाग्यांतून पाइनच्या रोपाला अन्न मिळते हे दाखवले. फ्रँक तोवर हयात नव्हते. २७ सप्टेंबर १९०० रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

रायझोबियमशी त्यांचा संबंध काय?

कडधान्याच्या मुळांवरील गाठींचाही ते अभ्यास करत होते. १८७९ मध्ये त्यांनी गाठीतल्या सूक्ष्मजीवाला बुरशी समजून एक नाव दिले होते. १८८८ मध्ये नेदरलँड्सचे बायेरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून दाखवला आणि १८८९ मध्ये फ्रँक यांनी त्याला ‘रायझोबियम’ म्हटले. गंमत अशी की, या गाठींमुळेच कडधान्याला हवेतील नत्र मिळते हा हेलरीगेल यांचा निष्कर्ष फ्रँक यांच्या सहज पचनी पडला नाही. ज्यांच्यावर इतरांनी अविश्वास दाखवला, तेच इथे अविश्वास दाखवणाऱ्यांत होते.

आपल्या शेताला याचा उपयोग काय?

फ्रँक यांना ओकच्या मुळावर दिसलेली बुरशी आणि नगरच्या डाळिंबाला लागणारी बुरशी एक नव्हे. कांदा, ऊस, डाळिंब, ज्वारी यांच्या मुळांत पेशीत शिरून झाडासारख्या बारीक फांद्या फुटणारी बुरशी राहते. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मातीला धरून बसतो. तो मिळवून देणे हे तिचे मुख्य काम.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी आणि पालक या पिकांची या बुरशीशी जोडी जमत नाही, त्यामुळे तिथे खर्च वाया जातो. स्फुरदयुक्त खत भरमसाट दिले तर झाडाला बुरशीची गरज उरत नाही आणि ती मुळात कमी शिरते. मायकोरायझा टाकल्यावर लगेच बुरशीनाशकाची आळवणी केली तर बुरशी मरू शकते. शिवाय ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून ती पिकाच्या मुळाला लागेल अशीच द्यावी लागते. नुसती वरवर फेकून उपयोग नाही.