डॉ. रिव्हर्स : खचलेल्या मनांचा वैद्य

डॉ. विल्यम रिव्हर्स यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ च्या ग्रंथाने त्यांना मानववंशशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळाली. पहिल्या महायुद्धात मात्र एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात मनाने खचलेल्या लष्करी अधिकाऱ्यांवर त्यांनी उपचार केले. अशा सैनिकांना त्या काळी कुणी भित्रे ठरवी, कुणी विजेचे धक्के देई, तर कुणी सारे विसरून जाण्यास सांगे. स्वतः अडखळत बोलणाऱ्या रिव्हर्स यांनी रुग्णाचे शांतपणे ऐकून घेतले. भीषण आठवणी दडपल्याने दुखणे बळावते, असे त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये आपल्या निबंधात मांडले. त्याच वर्षी युद्धविरोधी कवी सिगफ्रिड ससून त्यांच्याकडे आले. बरे झालेल्यांना पुन्हा रणांगणावर धाडणे हेही रिव्हर्स यांचेच कर्तव्य होते आणि त्याचा सल त्यांना होता. ससून आघाडीवर परतले. तरी त्यांचा या वैद्यावरील विश्वास आयुष्यभर ढळला नाही. १९२२ मध्ये रिव्हर्स निवर्तले. आघात सोसलेल्या माणसाने मानसोपचारतज्ज्ञ निवडताना पदवी व अनुभव अवश्य पाहावा. पण तो दोष न देता, घाई न करता ऐकतो का, हेही पारखून घ्यावे.