सप्टेंबर, ऑक्टोबर आणि उत्तर ध्रुव : लोकमान्य टिळकांचा धाडसी सिद्धांत

सप्टेंबर हा नववा महिना, पण लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. तसंच ऑक्टो आठ, नोवेम नऊ, डेसेम दहा. सप्त, अष्ट, नव, दश आठवलं ना? याच महिन्यांवरून एका मराठी माणसाने थेट उत्तर ध्रुव गाठला होता. ते म्हणजे लोकमान्य टिळक.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना संस्कृत वडिलांकडून मिळालं. गणिताची गोडी होतीच. डेक्कन कॉलेजातून ते १८७७ मध्ये पदवीधर झाले. पुढे 'केसरी' आणि राजकारण सांभाळतानाच त्यांनी १८९३ मध्ये 'ओरायन' लिहिलं आणि नक्षत्रांवरून वेदांचा काळ मांडला.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांनी त्यांना तुरुंगात ऋग्वेदाची प्रत पाठवली. रात्री काही तास दिवा वापरायची परवानगी मिळाली आणि अभ्यास सुरू झाला. सुटकेनंतर सिंहगडावरही हे काम चाललं. १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ आला.

टिळकांचं म्हणणं असं : वेदांत दिवसेंदिवस चालणारी उषा आहे, दहा महिन्यांचं यज्ञसत्र आहे. रोमन परंपरेतही मुळात वर्ष दहा महिन्यांचं होतं, जानेवारी-फेब्रुवारी नुमा राजाने नंतर जोडले. उरलेले दोन महिने म्हणजे ध्रुवाजवळची लांब रात्र! म्हणजे रोमन आणि वैदिक लोकांचे पूर्वज एके काळी तिथेच राहायचे. पुढे हिमयुगामुळे, इसवी सनापूर्वी ८००० च्या सुमारास, त्यांना ते घर सोडावं लागलं.

मग हे खरं आहे का? आजचे अभ्यासक नाही म्हणतात. लॅटिन आणि संस्कृत बहिणी आहेत, हे खरंच. पण गाडीच्या आसासाठी संस्कृतात अक्ष, लॅटिनमध्ये अक्सिस. जुवासाठी संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम. हे शब्द दोघींना एकाच आईकडून मिळाले. म्हणजे ती आई बोलली जात होती तेव्हा गाडी आलेली होती. आणि चाकाच्या गाड्यांचे पुरावे इसवी सनापूर्वी ३५०० च्या आसपासचे आहेत. त्यामुळे बरेच अभ्यासक हे मूळ घर काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात मानतात. रोमनांचे दोन महिने कुठे गेले? हिवाळ्यात शेती आणि लढाया थंडावायच्या, म्हणून ते दिवस मोजलेच जात नसावेत, असं मानलं जातं.

विरोध तेव्हाही झाला. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये ग्रंथ लिहून मूळ घर सप्तसिंधूतच असल्याचं मांडलं. स्वराज्यासाठी लढणारा नेता पूर्वजांचं घर भारताबाहेर नेतो, हे अनेकांना रुचणारं नव्हतं. पण पुरावे जिकडे नेतात असं वाटलं, तिकडे टिळक गेले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. सिद्धांत टिकला नाही. पण त्यांनी ऋचा, यज्ञ, महिने असे आधार समोर ठेवले होते, म्हणूनच तो तपासता आला आणि खोडताही आला. लॅटिन संस्कृतातूनच निघाली असा मेसेज पुढच्या वेळी आला, तर आधी एवढंच विचारा : आधार काय?