पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनांतील अंध भगिनी

पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असा विद्यार्थी महाराष्ट्रांत विरळाच. संस्कृत विद्येंतील त्यांचा अधिकार आणि बालविधवांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं केलेले प्रयत्न यांविषयीं आपण सर्वांनींच कांहींना कांहीं वाचलें आहे. परंतु या थोर स्त्रीला स्वतःला कमी ऐकूं येत असे, आणि तिच्या संस्थेंत आंधळ्या स्त्रियांना वाचावयास व स्वकष्टानें जगावयास शिकविलें जात असे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. ती येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनीं संस्कृत शिकावें असें त्यांचें मत होतें व त्यापायीं त्यांना जनांचा रोष सोसावा लागला. आई लक्ष्मीबाई यांनीं रमाबाईंकडून संस्कृताचें अध्ययन करून घेतलें. पुराण सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असतां दुष्काळ ओढवला, आणि १८७४ च्या सुमारास उपासमारीनें आईवडील निवर्तले. पुढें थोरली बहीणही गेली. उरलेलीं दोघें भावंडें, रमाबाई व श्रीनिवास, पायपीट करीत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं या तरुण मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमेचा जन्म झाला; पण १८८२ च्या आरंभीं पटकीच्या विकारानें पतीचें निधन झालें.

मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्या देशांतील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हें त्यांनीं हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना मांडलें. आपणच वैद्यकी शिकावी या हेतूनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. परंतु तेथें कानांनीं साथ दिली नाहीं. ऐकण्यांत दोष असल्यामुळें तो मार्ग त्यांना बंद झाला. पंचविशीच्या आंतच आईबाप, भाऊ व पति गमावलेल्या स्त्रीला हा धक्का लहान नव्हता. तरी त्या खचल्या नाहींत. त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढें चेल्टनहॅमच्या विद्यालयांत त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवूंही लागल्या. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथें मिळविलेल्या साहाय्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास हलविलें. धर्माच्या प्रश्नावरून १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें, सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें. तरी सदन चालूच राहिलें.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. बालपणीं स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तेथें धांवून गेल्या व सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणविल्या. त्यांच्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

त्या काळीं देवी, डोळ्यांचे सांथीचे विकार व दुष्काळांतील निकस अन्न यांमुळें कितीएकांची दृष्टि जात असे. अशा मुलीला घरांत ओझें समजत. मग ती पोरकी किंवा विधवा असली तर तिला थारा कोठून मिळणार? रमाबाईंनीं अशा अंध स्त्रियांनाही आसरा दिला, व बायबलांतील बार्तीमय या आंधळ्याच्या नांवानें त्यांच्यासाठीं निराळें सदन उभारलें. परंतु अन्नवस्त्र दिलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें त्यांनीं मानलें नाहीं. कन्या मनोरमाबाई यांनीं ब्रेल लिपि शिकून घेतली होती. लुई ब्रेल या अंध फ्रेंच शिक्षकानें १८२९ सालीं प्रसिद्ध केलेली ही लिपि सहा उठावदार टिंबांची असून ती बोटांनीं चांचपून वाचतां येते. मनोरमाबाईंनीं या भगिनींना ती शिकविली, आणि ज्यांना अक्षर दिसत नव्हतें त्यांच्या बोटांखालीं अक्षर आलें. टोपल्या विणण्यासारखीं हस्तकौशल्याचीं कामेंही त्यांना शिकविण्यांत आलीं. छापखाना, माग, शेती, गोठा, ज्या संस्थेंत जी ती आपल्या शक्तीप्रमाणें राबत होती, तेथें अंध स्त्रीलाही आपला वांटा उचलण्याचा मान मिळाला.

उतारवयांत रमाबाईंचें ऐकणें आणखी मंदावलें. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनींही इहलोक सोडला. त्यांची संस्था केडगांवास आजही कार्य करीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आज दिव्यांगांचे हक्क कायद्यानें मान्य झाले आहेत. २०१६ च्या कायद्यांत अपंगत्वाचे २१ प्रकार सांगितले असून शिक्षणाचा व नोकरीचा अधिकार त्यांत स्पष्ट केला आहे. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडींत अपंगांसाठीं राखीव डबा आपण वसईकर नेहमीं पाहतों. ही सोय उत्तम खरी. पण डब्यांतून उतरून ज्याला शाळेंत अथवा कचेरींत जावयाचें, त्याला तेथें बाक व काम मिळालें नाहीं तर प्रवासाचा उपयोग काय? तें देणें पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे. वर्गांत ज्याला कमी ऐकूं येतें त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलणें, ज्याला दिसत नाहीं त्याला धडा वाचून दाखविणें, आणि खेळांत, संमेलनांत, वर्गाच्या कामांत त्याचा वांटा त्याला देणें, एवढें तर आपणांपैकीं प्रत्येकाला उद्यांपासूनच करतां येईल. कायद्यानें दार उघडतें. आंत बोलावणारा माणूसच लागतो, हें रमाबाईंच्या चरित्रावरून आपण शिकावें.