अनवाणी धांवणारा अबेबे बिकिला

नवी वहाण चावते, हें कोणास ठाऊक नाहीं? इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखांत १९३२ सालीं जन्मलेला अबेबे बिकिला हा सम्राट हैले सेलासी यांच्या शरीररक्षक दलांतील शिपाई. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिक सामन्यांकरितां घेतलेले बूट त्याच्या पायांस चावूं लागले. ते काढून ठेवून तो अनवाणीच धांवला, व बेचाळीस किलोमीटरांहून अधिक लांबीची मॅरॅथॉन शर्यत त्यानें २ तास १५ मिनिटें १६ सेकंदांत जिंकली. हें साहस आयत्या वेळचें नव्हे. तशा धांवण्याचा त्याला पूर्वीपासून सराव होता. (बूट वापरणाऱ्यानें एकाएकीं त्याचें अनुकरण केल्यास पोटऱ्या मात्र दुखावतील!) १९३७ सालीं इटलीनें त्याच्या देशांतून उचलून नेलेला अक्सुमचा स्तंभ वाटेवरच होता, त्याच्याच आसपास तो प्रतिस्पर्ध्यास मागें टाकून पुढें निसटला. केवढा हा योग!

अनवाणी पायांचा त्याला हट्ट नव्हता. १९६४ सालीं टोकियो येथें तो बूट घालून धांवला व पुन्हा पहिला आला; आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन तेव्हां सहा आठवडेहि झाले नव्हते. १९६९ सालीं मोटार-अपघातांत तेच पाय कायमचे लुळे झाले. पुढच्याच वर्षीं तो इंग्लंडांत चाकांच्या खुर्चीवरून तिरंदाजीच्या सामन्यांत उतरला. १९७३ सालीं, अवघा एकेचाळीस वर्षांचा असतां, त्याचें देहावसान झालें.