आयझाक वॉल्टन : नदीकाठचा चरित्रकार

आमचे घर भोयांचे. नळदुर्गच्या किल्ल्याजवळून वाहणाऱ्या बोरी नदीत आजोबांनी जन्मभर जाळे टाकले. महाविद्यालयात प्रवेश घेताना वडिलांच्या व्यवसायापुढे मी मात्र शेती असे लिहिले. आमच्याकडे गुंठाभरही जमीन नाही. ती टोचणी मनात असतानाच इंग्रजीच्या तासाला वॉल्टन भेटला.

त्याचा जन्म १५९३ सालचा, इंग्लंडातील स्टॅफर्ड गावचा. बाप लहानपणीच वारला. पोरगा लंडनला जाऊन कापडाच्या धंद्यात शिरला. विद्यापीठाची पायरी तो चढला नाही. पण दुकानाजवळच्या सेंट डन्स्टन चर्चचे धर्मगुरू होते कवी जॉन डन. त्यांच्या सहवासात हा कापडवाला लिहिता झाला. १६४० साली त्याने डन यांचे चरित्र लिहिले आणि पुढे आणखी चार. इंग्रजी चरित्रवाङ्मयात त्या पाचांना आजही मान आहे.

संसारात त्याने फार सोसले. पहिल्या पत्नीची सातही मुले लहानपणीच गेली. १६४० मध्ये तीही गेली. देशात यादवी माजली, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजाच्या पक्षाचा, म्हणजे हरलेल्या बाजूचा. अशा दिवसांत, साठीला टेकल्यावर, १६५३ मध्ये त्याने 'द कम्प्लीट अँग्लर' हा मासेमारीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गळ, आमिष, मासा रांधण्याची रीत, मधूनच गाणी, आणि सारे नदीकाठच्या गप्पांच्या रूपात! त्याच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या.

उतारवयात त्याला चार्ल्स कॉटन हा तरुण मित्र लाभला. डोंगराळ मुलखातील डव्ह नदीकाठी कॉटनचे घर होते. १६७४ साली त्याने तेथे मासेमारीसाठी एक दगडी खोली बांधली आणि तिच्यावर दोघांची आद्याक्षरे गुंफून कोरली. तेथला ट्राऊट थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाण्यावर उतरणारे किडे टिपणारा. म्हणून गळाला पिसे व रेशीम बांधून नकली माशी करतात. या कलेवर कॉटनने १६७६ च्या आवृत्तीला दुसरा भाग जोडला. वॉल्टन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. १६८३ मध्ये विंचेस्टरला तो वारला. आपल्या शेताचे उत्पन्न त्याने स्टॅफर्डच्या गोरगरिबांसाठी ठेवले.

हे सारे मी आजोबांना सांगितले. मासे विकत नव्हता तर त्याचे पोट कशावर चाले, एवढेच त्यांनी विचारले. कापडावर, म्हटल्यावर ते हसले. खरे आहे. मासा लागला नाही तरी वॉल्टनची चूल पेटत होती. आमची पेटत नसे. उन्हाळ्यात बोरी आटली की आजोबा दुसऱ्याच्या बांधावर जात.

पण मरळ कोणत्या डोहात दडते, पहिल्या पुराला वाम कोठे सापडते, हे आजोबांइतके कोणाला ठाऊक आहे? ते कोठे लिहिलेले मी पाहिलेले नाही. या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसणार आहे. आणि यंदाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी मासेमारी असे लिहिले आहे.