सर जॉर्ज मॅकेन्झी : कुलचिन्हांच्या कायद्याचे भाष्यकार आणि राजसत्तेचे कठोर वकील

स्कॉटलंडमध्ये घराण्याची ओळख सांगणारे ढालीवरील कुलचिन्ह केवळ शोभेसाठी नसते. त्याला कायद्याचे संरक्षण असते. अधिकार नसताना ते वापरणाऱ्यास तेथे आजही ‘लॉर्ड लायन’ यांच्या न्यायालयात जाब द्यावा लागतो. या कायद्याचे पद्धतशीर विवेचन करणारे सतराव्या शतकातील विधिज्ञ म्हणजे सर जॉर्ज मॅकेन्झी. व्यासंगी ग्रंथकार आणि निर्दय अभियोक्ता अशी त्यांची दुहेरी ओळख इतिहासात उरली आहे.

मॅकेन्झी यांचा जन्म १६३६च्या सुमारास डंडी येथे झाला. फ्रान्समधील बूर्झ येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते एडिंबरा येथे वकिली करू लागले. १६६१ मध्ये राजद्रोहाचा आरोप असलेले आर्गाइलचे मार्क्विस आर्चिबाल्ड कॅम्बेल यांच्या बचावासाठी ते न्यायालयात उभे राहिले. आर्गाइल यांना मृत्युदंड झाला. पण राजाच्या रोषाला न भिता पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या या तरुण वकिलाचे नाव झाले.

१६६९ मध्ये ते स्कॉटिश संसदेत गेले. ते सदस्य असतानाच, १६७२ मध्ये, संसदेने कुलचिन्हांविषयीचा महत्त्वाचा कायदा संमत केला. सर्व कुलचिन्हांची सार्वजनिक नोंदवहीत नोंद करणे त्याने सक्तीचे केले. अनधिकृत चिन्ह वापरणाऱ्यास शंभर पौंड दंड आणि ज्या वस्तूंवर ते कोरलेले असेल त्या वस्तूंची जप्ती, अशी शिक्षा ठरली. पुढे १६८० मध्ये मॅकेन्झी यांनी कुलचिन्हशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमध्ये या विषयावर छापला गेलेला हा पहिला पद्धतशीर ग्रंथ मानला जातो. कुलचिन्ह हा सार्वभौम सत्तेकडून मिळणारा मान आहे, ही त्यांची भूमिका होती.

त्या काळी चिन्ह देणारी राजसत्ता ते हिरावूनही घेत असे. राजद्रोह्याच्या शिक्षेत प्राण आणि संपत्ती यांबरोबर त्याचे कुलचिन्ह फाडून टाकण्याचाही समावेश असे. १६७७ मध्ये मॅकेन्झी ‘लॉर्ड ॲडव्होकेट’ म्हणजे राजसत्तेचे मुख्य अभियोक्ता झाले आणि हे शस्त्र त्यांच्या हाती आले. १६८१ मध्ये त्यांनी ज्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालवला, ते आर्गाइलचे नववे अर्ल हे त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध पक्षकाराचेच पुत्र होते. निष्ठेची शपथ घेताना एक अट जोडली, एवढाच त्यांचा मुख्य अपराध होता. ते सेवकाच्या वेषात एडिंबरा किल्ल्यातून निसटले. मात्र १६८५ मधील फसलेल्या उठावानंतर जुन्याच निकालाच्या आधारे त्यांचा शिरच्छेद करण्यात आला.

राजाचे धार्मिक वर्चस्व नाकारणाऱ्या ‘कॉव्हेनंटर’ पंथीयांवरही मॅकेन्झी यांनी कठोर कारवाई केली. १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईनंतर सुमारे १,२०० कैद्यांना ग्रेफ्रायर्स चर्चलगतच्या मैदानात उघड्यावर कोंडण्यात आले होते. अशा छळामुळे लोकांनी त्यांना ‘रक्तरंजित मॅकेन्झी’ असे नाव दिले.

तरीही ते राजाचे निव्वळ होयबा नव्हते. कॅथलिकांवरील निर्बंध हटवण्याच्या राजा जेम्सच्या धोरणाला साथ न दिल्याने १६८६ मध्ये त्यांना पद गमवावे लागले. १६८८ मध्ये ते पुन्हा मिळाले. १६८९च्या सत्तांतरानंतर मात्र त्यांनी स्कॉटलंड सोडून ऑक्सफर्ड गाठले. त्याच वर्षी, जाण्यापूर्वी, त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या वकिलांच्या ग्रंथालयाचे त्यांनी उद्घाटन केले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पाया याच संग्रहाने घातला.

८ मे १६९१ रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथे मॅकेन्झी यांचे निधन झाले. त्यांना एडिंबऱ्यातील ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत चिरविश्रांती देण्यात आली. कॉव्हेनंटर कैद्यांना जेथे डांबले होते, ती जागा या समाधीपासून हाकेच्या अंतरावर आहे.